ॲप म्हणतं, नळ बंद आहे

या वेळी पत्रांचा गठ्ठा सोडला आणि जवळजवळ सगळी पत्रं एकाच वाटेची निघाली: फोनवरून झाडांना पाणी. मी नोकरीभर प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करत आले. आता घरच्या ४३ कुंड्यांवर तेच हात चालवते, त्यामुळे हा विषय माझ्याकडे यायचाच होता. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटपली आहेत. ज्यांची आटपली त्यांनी रुसू नये.

प्रश्न : आमची पाण्याची टाकी गच्चीवर आहे आणि बागेचा नळ तिच्यापासून साधारण ३ मीटर खाली. नळाला फोनवर चालणारा टायमर बसवला. ॲपमध्ये ‘सुरू’ दिसतं, पण ठिबकच्या ड्रिपरमधून पाणी येतं न येतं. बंद केल्यावरही थेंब गळत राहतात. दुकानदार म्हणाला वाय-फाय कमी पडतंय, राउटर जवळ आणा. आणला. फरक शून्य.

उत्तर : राउटर परत जागेवर ठेवा, घरच्यांचं बोलणं तरी वाचेल. वाय-फायचा यात काडीचाही संबंध नाही. तुम्हाला कमी पडतोय तो पाण्याचा दाब.

१० मीटर उंच पाण्याचा दाब भरतो साधारण १ बार. तुमच्याकडे उंची ३ मीटर, म्हणजे दाब ०.३ बार, आणि पाइपाची वळणं नि गाळणी आपापला वाटा खाऊन उरतो तो त्याहून कमी. आता त्या टायमरच्या पोटात काय असतं ते सांगते. माझा एक बंद पडलेला मी चार स्क्रू काढून उघडला होता. आत रबराचा एक गोल पडदा निघाला, कपाच्या बुडाएवढा, आणि पडद्याला टाचणी जेमतेम जाईल एवढं भोक. या भोकातून पाणी पडद्याच्या वर चढतं, तिथल्या छोट्या कप्प्यात साठतं, आणि ते साठलेलं पाणीच पडद्याला खाली दाबून वाट बंद ठेवतं. ॲपवरून हुकूम आला की विद्युतचुंबक कप्प्याचं एक बारीक तोंड उघडतो, वरचं पाणी निघून जातं, आणि खालचं पाणी पडदा उचलून वाहायला लागतं. थोडक्यात, वीज नुसती कडी काढते. दार उघडणं-लावणं पाण्याच्या स्वतःच्या जोरावर चालतं. तुमच्याकडे तो जोरच नाही. म्हणून पडदा धड उचलला जात नाही आणि मिटताना घट्ट बसतही नाही. टायमरच्या माहितीपत्रकात ‘किमान दाब’ शोधा. आकडा ०.३ बारच्या वर असेल, तर ती वस्तू चांगली असली तरी तुमच्या नळासाठी नाही.

तुम्हाला हवा मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह. त्यात आरपार भोक असलेली एक गोळी असते आणि छोटी मोटर तिला पाव फेरी फिरवते. दाब असो नसो, तिला देणंघेणं नाही. खोट एकच, पण मोठी: साध्या प्रकारात वीज गेली की गोळी आहे तिथेच थांबते. पाणी चालू असताना वीज गेली तर वीज येईपर्यंत टाकी रिकामी होत राहणार. वीज गेल्यावर आपोआप मिटणारा प्रकार मिळतो. तोच घ्या, दुसऱ्याच्या नादी लागू नका. ड्रिपरही बदलावे लागतील. दाब सारखा राखणारे म्हणून जे विकतात ते इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. टोपी फिरवून कमी-जास्त करता येणारे साधे घ्या, आणि पाइपाच्या शेवटच्या कुंडीचा ड्रिपर थोडा जास्त उघडा.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मात्र मी जरा थांबले. ॲपमध्ये ‘सुरू’ दिसतं, असं तुम्ही लिहिता. ॲप जे दाखवतं तो त्यानं सोडलेला हुकूम असतो. हुकमाचं पुढे काय झालं, पाणी आलं का, थांबलं का, हे कळायला त्याला वेगळं काहीतरी लागतं. बाजारात प्रवाहमापक मिळतात, पाण्याच्या धारेनं आतलं चक्र फिरतं आणि फेऱ्या मोजल्या जातात. पण घरगुती ठिबकची धार इतकी मंद असते की स्वस्त मापकाचं चक्र हलतच नाही. ८ कुंड्यांना ताशी २ लिटरचे ड्रिपर लावले तर सगळे मिळून मिनिटाला पाव लिटरच्या जरा वर जातात, आणि नेहमी मिळणारे छोटे मापक मिनिटाला साधारण १ लिटरपासून पुढे मोजतात. पाणी चालू असताना मापक शून्य दाखवतो आणि आपण उगाच पाइप उपसत बसतो.

यावर माझा तोडगा अगदी अडाणी आहे. कुंड्यांच्या रांगेत एक ड्रिपर जास्तीचा लावायचा आणि त्याचं तोंड एका पारदर्शक बाटलीत सोडायचं. बाटलीवर पट्टी चिकटवून मिलिलिटरच्या खुणा करायच्या. रोज सकाळी बघायचं आणि ओतून टाकायचं. माझ्या घरी तिला साक्षीबाटली म्हणतात. ती कधी ‘अपडेट’ मागत नाही.

प्रश्न : खिडकीत ६ कुंड्या आहेत. कोणतं ॲप घेऊ?

उत्तर : झारी घ्या. गावाला जायचं असेल तर सुती दोरीची वात करून एक टोक मातीत खोल आणि दुसरं पाण्याच्या भांड्याच्या तळाशी सोडा, भांडं कुंडीच्या पातळीला ठेवा. ६ कुंड्यांसाठी चार्जर, पासवर्ड आणि पाइप सांभाळणं म्हणजे उंदराला मारायला रणगाडा.

प्रश्न : मातीतला ओलावा बघून आपोआप पाणी सोडणारी जोडणी मी स्वतः केली: ईएसपी३२ (वाय-फाय असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), दोन दातांचा ओलावा सेन्सर, छोटा पंप. पहिले दोन महिने झकास. आता कुंडीत चिखल झाला तरी फोनवर ‘कोरडं’ येतं आणि पंप परत सुरू होतो. जास्वंदीची पानं पिवळी पडून गळताहेत. प्रोग्रॅम तीनदा तपासला.

उत्तर : प्रोग्रॅम ठीकच असणार. सेन्सर उपटून पाण्यानं धुवा आणि दातांकडे नीट बघा. एका दातावरचा चकचकीत थर गेलेला असेल, खालचं तांबं हिरवट-काळं पडलं असेल, कदाचित मधून खाल्लंही असेल. या सेन्सरमध्ये एका दातातून वीज मातीत शिरते आणि दुसऱ्यातून परत येते. ओल्या मातीत क्षार असतात, त्यामुळे प्रत्येक वेळी वीज सोडली की दातावरचा धातू कणाकणानं विरघळतो. धातू गेला की वीज जाणं अवघड होतं, आणि वीज जात नाही याचा अर्थ बिचारा प्रोग्रॅम एकच लावतो, माती सुकली. तो पाणी सोडतो. माती आणखी ओली, सेन्सर आणखी खराब, मुळं बुडून कुजायला लागतात. जास्वंदीला तहान लागलेली नाही, तिचा श्वास कोंडलाय. पाणी आठवडाभर बंद ठेवा, कुंडीच्या तळाची भोकं मोकळी करा.

असाच एक उलटा घोळही होतो. द्रवरूप खत घातलंत की मातीतले क्षार वाढतात, वीज सहज वाहते, आणि कोरडी कुंडी ओली दिसते.

कपॅसिटिव्ह सेन्सर आणा. तो काळ्या पट्टीसारखा एकच दात असतो, धातू आत झाकलेला. विजेच्या क्षेत्राला पदार्थ किती दाद देतो ते सांगणारा एक आकडा असतो, परावैद्युतांक: पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. माती जितकी ओली तितका हा मधला फरक पट्टीला जाणवतो, आणि धातूला मातीशी संबंधच येत नाही. मात्र पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत झिरपतं, म्हणून मातीत घालण्याआधी कडांना नखांना लावायच्या रंगाचे दोन हात द्या. वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग मातीच्या वर आणि झाकलेला राहू दे. ईएसपी३२ वर त्याची तार ३२ ते ३९ या क्रमांकांच्या पिनांवरच जोडा; वाय-फाय चालू असताना इतर ॲनालॉग पिना वाचता येत नाहीत. या एका गोष्टीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

मग आकडे बसवायचे. माझ्याकडची एक पट्टी कोरड्या हवेत धरली तेव्हा ३१०० च्या आसपास वाचत होती, पेल्यातल्या पाण्यात बुडवली की १४००. हो, ओलं झालं की आकडा उतरतो, गोंधळू नका. प्रत्येक पट्टीचे आकडे वेगळे येतात, दुसऱ्याचे उसने घेऊ नका. या दोन टोकांना शून्य आणि शंभर मानून ॲप टक्के काढतं. तेव्हा ‘६० टक्के’ म्हणजे मातीत ६० टक्के पाणी आहे, असं अजिबात समजू नका. तो नुसता पट्टीचा स्वभाव आहे. कोकोपीटमध्ये तेच ६० कोरडे असू शकतात आणि काळ्या मातीत चिखल.

म्हणून पाणी कधी सोडायचं हा उंबरठा मी नुसत्या टक्क्यांवरून ठरवत नाही. कुंडीला तुडुंब पाणी द्यायचं, खालून निचरा थांबू द्यायचा आणि मग रोज सकाळी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं. बोटाला माती गार लागते, पण चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीनं फुटतो, असा दिवस येतो. शेतकरी त्याला वाफसा म्हणतात. वाफसा सरून माती भुसभुशीत सुटायला लागली, त्या सकाळचा आकडा लिहून ठेवायचा. तो तुमच्या कुंडीचा उंबरठा. प्रत्येक प्रकारच्या मातीसाठी हे एकदा करावं लागतं, आणि ४-५ दिवस जातात.

पट्टी ड्रिपरच्या खाली खुपसू नका, तिथे ती सदैव भिजलेली राहील. ड्रिपर आणि कुंडीची कड यांच्या मध्यावर, मुळं असतात त्या खोलीवर घाला. आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवा: सेन्सर काहीही म्हणो, पंप दिवसातून अमुक सेकंदांच्या वर चालणार नाही. ही ओळ असती तर जास्वंदीवर ही वेळ आली नसती.

प्रश्न : वरच्यासारखीच माझीही घरी केलेली जोडणी आहे. वीज जाऊन आली की पंप एक-दोन सेकंद आपोआप चालतो. भूत आहे का?

उत्तर : रिले आहे, म्हणजे बोर्डाच्या हुकमानं पंपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच. बरेचसे रिले बोर्ड पिनवरचा विजेचा दाब खाली आला की ‘चालू’ होतात, आणि बोर्ड जागा होताना पिना क्षणभर कुठेही लोंबकळतात. पिन आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. तेवढ्यानं भागलं नाही तर पिन बदला. बोर्डासाठी ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर जागं होताना स्विच ‘नेहमी बंद’ राहील अशी सोय त्यात आहे, ती लावा.

प्रश्न : आम्ही ३ आठवडे बाहेर जाणार आहोत. बाल्कनीत ८ कुंड्या जमिनीवर ठेवल्यात. २० लिटरचा पिंप स्टुलावर ठेवून त्यात ५ व्होल्टचा पंप सोडलाय, प्रत्येक कुंडीला बारीक नळी, वेळ ॲपवरून. एकदा चालवून पाहिला, छान चालला. निर्धास्त जाऊ ना?

उत्तर : थांबा. स्टुलावर हा शब्द वाचूनच माझ्या पायाखाली ओलं झालं.

माझी पहिली जोडणी तंतोतंत अशीच होती. पिंप उंच, कुंड्या खाली. ४० सेकंदांची वेळ लावली, पंप घुरघुरला, थांबला, ॲपवर हिरवी खूण आली, मी समाधानानं झोपले. पहाटे दार उघडलं तर पाऊल पाण्यात. कुंड्यांमधून माती उतू गेलेली, पिंपाच्या तळाशी पंप उघडा पडलेला. ॲप उघडून पाहिलं. ‘कार्य पूर्ण : ४० सेकंद’. खोटं बोलत नव्हतं ते. पंप ४० सेकंदच चालला होता. पंपानं पाणी नळीच्या वरच्या वळणावरून एकदा पलीकडे ओढून दिलं, आणि नळीचं तोंड पिंपातल्या पाण्यापेक्षा खाली असल्यामुळे पुढे पाणी स्वतःच्या वजनानं ओघळत राहिलं. शाळेत शिकवलेला वक्रनलिकेचा प्रयोग. नोकरीत मीच तो मुलांना मांडून द्यायचे!

एकदा चालवल्यावर तुमच्याकडे हे दिसलं नसेल, कारण तुम्ही पंप थांबल्यावर नळ्यांकडे बघत थांबला नसाल. उपाय दोन. पिंप जमिनीवर आणि कुंड्या स्टुलावर, म्हणजे नळ्यांची तोंडं पिंपातल्या पाण्याच्या वर राहतील. ते शक्य नसेल तर पंपातून निघालेली नळी पिंपाच्या आतच जिथे सगळ्यात वर असते, पाण्याच्या पातळीच्या वर, तिथे साधारण २ मिलिमीटरचं भोक पाडा, तोंड पिंपाच्या आत करून. पंप चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी पिंपातच परत पडेल, बिघडलं काही नाही. पंप थांबला की त्याच भोकातून हवा शिरते आणि धार तुटते. पंप थांबवून घड्याळ लावा आणि पाच मिनिटं नळ्यांकडे बघत बसा.

आता हिशेब. प्रत्येक नळीखाली पेला धरून ॲपनं दिलेल्या वेळात किती पाणी पडतं ते मोजा. समजा ३०० मिलिलिटर. ८ कुंड्या म्हणजे दिवसाला २.४ लिटर, २१ दिवसांचे ५० लिटर. तुमचा पिंप २० लिटरचा. नवव्या दिवशी पिंप कोरडा, आणि कोरडा चाललेला पंप जळतो, म्हणजे दहाव्या दिवशी पंपही गेला. मोठं भांडं घ्या किंवा गरज कमी करा: कुंड्या भिंतीकडे सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, मातीवर वाळक्या पानांचा दोन बोटं जाड थर द्या. दोन्ही केलंत तर उत्तम. पाणी संपल्यावर पंप तोडणारा फ्लोट स्विच बसवा. नळ्या काळ्या असू द्या, पारदर्शक नळीत ऊन शिरून शेवाळ धरतं आणि तोंडं बुजतात. पिंपावर घट्ट झाकण हवं. ३ आठवड्यांत डासांच्या एकापेक्षा जास्त पिढ्या होतात. पंपाचा चार्जर पिंपाच्या वर लटकवू नका, आणि तार प्लगपर्यंत जाताना आधी एक झोळ खाली सोडा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी प्लगात न जाता झोळाच्या तळाशी टपकेल.

निघण्याच्या आधीचा आठवडा घरात राहून कुंड्यांना हात लावायचा नाही, ही खरी परीक्षा. फार जड जातं, मला माहीत आहे. मी त्या आठवड्यात झारी माळ्यावर टाकते.

प्रश्न : इंटरनेट गेलं तर झाडांना पाणी मिळेल का? कंपनीनं ॲपच बंद केलं तर? विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

उत्तर : विकत घेतल्यावर ओळखायची रीत सोपी आहे, म्हणून परत करता येईल अशाच ठिकाणी घ्या. उद्या सकाळी ७ ची वेळ ॲपमध्ये लावा, रात्री राउटर बंद करा, फोनही बंद करा. ७ वाजता पाणी आलं आणि वेळेवर थांबलं, तर वेळापत्रक टायमरच्या डोक्यात आहे. नाही आलं, तर ते दूर कुठल्यातरी सर्व्हरवर आहे आणि तुमची बाग त्या सर्व्हरच्या तब्येतीवर. तसलं घेऊ नका. पुढे टायमरची वीज काढून पुन्हा द्या, राउटर बंदच ठेवून. काही यंत्रं वेळ इंटरनेटवरून मागून घेतात. वीज जाऊन आल्यावर नेट नसेल तर त्यांना किती वाजले हे कळत नाही. बॅटरीवरचं घड्याळ आत असलेलं यंत्र या परीक्षेत टिकतं.

तिसरी परीक्षा कोणी करत नाही. नळावरच्या बॅटरीच्या टायमरमध्ये व्हॉल्व्ह उघडायला विजेचा एक झटका लागतो आणि मिटायला दुसरा. मधल्या काळात वीज लागत नाही, म्हणून तर बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. पण उघडल्यावर बॅटरीनं मान टाकली तर मिटायचा झटका देणार कोण? नळ उघडाच राहणार. चांगले टायमर उघडण्याआधी बॅटरी तपासतात आणि कमी असेल तर उघडतच नाहीत. माहितीपत्रकात हे लिहिलेलं शोधा. बॅटरी ऋतू बदलला की बदलून टाका, पूर्ण संपायची वाट पाहू नका. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे, काही टायमर चार्ज होणाऱ्या सेलना पहिल्या दिवसापासूनच ‘बॅटरी कमी’ म्हणून हाकलतात.

स्वतःच्याच घरात सगळं ठेवायचं असेल तर होम असिस्टंट (घरातली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा ओपनस्प्रिंकलर (पाण्याचा टायमर) बघा. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, कुणी दुकान बंद केलं म्हणून थांबत नाहीत. शिकायला मात्र काही रविवार द्यावे लागतात.

आणि जोडणी पहिल्याच पायरीवर अडली असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर नाही ना ते पाहा. यातली बरीच यंत्रं २.४ च ओळखतात.

प्रश्न : माझं ॲप हवामान बघून पाणी वगळतं. परवा ‘५ मिमी पाऊस, आज सुट्टी’ असं आलं. पाऊस पडलाही. तरी संध्याकाळी मोगरा माना टाकून बसला.

उत्तर : १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमच्या कुंडीचं तोंड ३० सेंटीमीटर असेल तर ५ मिमी पावसातून तिच्यात साधारण ३५० मिलिलिटर पडायला हवं. पण मोगऱ्याचा घेर कुंडीपेक्षा मोठा. पानांनी छत्रीसारखं ते बाहेर फेकलं. कुंडी छपराच्या कडेखाली असेल तर तेवढंही नाही. शिवाय ॲपला पावसाची बातमी मिळते ती दूरच्या हवामान केंद्राकडून किंवा संगणकाच्या अंदाजावरून. तुमच्या कुंडीत काय पडलं ते त्याला ठाऊक नाही.

अशा बऱ्याच ॲपच्या मुळाशी जे गणित असतं ते चांगलंच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९९८ मध्ये प्रमाण म्हणून मांडलेली पेनमन-मॉन्टीथ पद्धत त्यात वापरतात. ऊन, वारा, तापमान, दमटपणा यांवरून किती पाणी उडून जाईल ते काढायचं. पण ते ज्याच्यासाठी काढतात ते १२ सेंटीमीटर उंचीचं, सलग, पोटभर पाणी मिळालेलं हिरवं गवत असतं. चारी बाजूंनी तापणारी, वाऱ्यात एकटी उभी कुंडी त्या गवताच्या कुळातली नव्हे. जमिनीवरच्या हिरवळीसाठी हवामानाची सुट्टी चालू ठेवा. कुंड्यांसाठी ती बंद करून पावसाळी दिवशी वेळ अर्धी करा. साक्षीबाटलीशेजारी कुंडीएवढ्या तोंडाचं एक रिकामं भांडं झाडाखालीच ठेवलंत, तर पावसानं खरोखर किती दिलं तेही दिसेल.

प्रश्न : पाण्याच्या टायमरला माझं ठिकाण कशाला कळायला हवं? ॲप लोकेशनची परवानगी मागतं.

उत्तर : हवामानासाठी मागत असेल तर जवळपासचा अंदाज पुरे, नेमकं ठिकाण देऊ नका. अँड्रॉइड ६ ते ११ मध्ये ब्लूटूथनं आसपासची यंत्रं शोधायलाही लोकेशनची परवानगी लागायची. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ती ‘जवळची उपकरणं’ म्हणून वेगळी झाली. जोडणी झाली की परवानगी काढून घ्या आणि टायमर चालतो का बघा. बहुधा चालेल. संपर्कयादी मागितली तर ॲपच काढून टाका.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. इतकी वर्षं बागेला पाणी तेच घालायचे. त्यांच्या गुडघ्यांसाठी म्हणून मी सगळं ठिबक आणि ॲपवर केलं. आता झाडं छान आहेत, पण बाबा सकाळी बागेत जातच नाहीत. परवा म्हणाले, “फोन बघतोय ना, मग मी काय बघू?” काय करू?

उत्तर : हे पत्र मी दोन दिवस टेबलावरच ठेवलं होतं.

तुम्ही बाबांची झारी काढून घेतलीत, ते बरंच केलंत. भरलेली १० लिटरची झारी म्हणजे १० किलो, आणि ७९ व्या वर्षी ओल्या फरशीवरून ती न्यायची नाही. पण झारीबरोबर त्यांचं बघणंही गेलं. पाणी घालताना माणूस पान उलटून मावा बघतो, वाळका शेंडा खुडतो, कुठली कुंडी हलकी लागतेय ते पायानं ढकलून कळतं. ॲप यातलं काही करत नाही. ड्रिपर बुजलाय हेही ते सांगू शकत नाही. एका कुंडीचं तोंड क्षारानं बंद झालं तरी तिथे हिरवी खूणच दिसत राहते, झाड वाळेपर्यंत.

म्हणजे तुमच्या जोडणीत एक जागा खरोखरच रिकामी आहे. ती बाबांना द्या, पण त्यांना बरं वाटावं म्हणून दिल्यासारखी नको. त्यांना ते लगेच कळेल. व्हॉल्व्हच्या जोडणीला हातानं दाबायचं एक बटण लावा, कमरेच्या उंचीवर, पाण्यापासून लांब आणि घरच्या विजेच्या नव्हे, व्हॉल्व्हच्या १२ व्होल्टच्या बाजूला. दाबलं की १० मिनिटं पाणी, मग आपोआप बंद. बटण मोठं आणि हिरवं घ्या, लाल बटण दाबायला माणसं कचरतात. ॲपमध्ये तुम्ही लावलेली वेळ गरजेपेक्षा थोडी कमीच ठेवा, म्हणजे कडक उन्हाच्या दिवशी उरलेलं पाणी द्यायचं की नाही हे कुणीतरी ठरवावं लागेल.

आणि साक्षीबाटली त्यांच्या ताब्यात द्या. रोज किती भरली ते एका वहीत लिहायचं. २५० ची २१० झाली, १८० झाली, की गाळणी तुंबली किंवा कुठे नळी निसटली. तुम्ही कामावर असताना ते त्यांनाच आधी कळेल. वहीचे दोन महिने भरले की मला पाठवा. माझ्याकडे माझ्याच बाटलीचे आकडे आहेत, ताडून बघायला दुसऱ्या कुणाचे नाहीत.